बाळ ॲडमिट का होतं? ब्रॉन्किओलायटिस, त्यामागचे विषाणू आणि 'जोखीम' या शब्दाचा हिशेब

पेट किंवा नेट झाल्यावर सार्वजनिक आरोग्य, सूक्ष्मजीवशास्त्र किंवा बालआरोग्य या विषयांत संशोधन करायचं म्हणणाऱ्या बऱ्याच जणांच्या वहीत एक विषय हमखास लिहिलेला असतो: 'लहान बाळांच्या श्वसनसंसर्गाची कारणं आणि रुग्णालयात भरती होण्याचे जोखीम घटक'. विषय चांगला आहे आणि गरजेचाही आहे. पण त्यात दोन शब्द फसवे आहेत. पहिला 'कारण' आणि दुसरा 'भरती'. हे दोन शब्द नीट उलगडले नाहीत, तर तीन वर्षं माहिती गोळा करूनही हातात काय आलंय ते कळत नाही. म्हणून आज ब्रॉन्किओलायटिस हा एकच आजार घेऊ आणि तो एका गावात ठेवून बघू.

गाव घेऊया भांडगाव. दौंड तालुक्यात, पुणे-सोलापूर महामार्गावर, यवतजवळ. आजूबाजूला ऊस, गुऱ्हाळं, कारखाने आणि भाड्याच्या खोल्यांत राहणारी कामगार कुटुंबं. शेजारच्या शिरूर तालुक्यात वढू बुद्रुक आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने वढू परिसरातल्या 22 गावांत 2002 पासून घरोघरची जन्म, मृत्यू, स्थलांतराची नोंद चालवली आहे आणि 2009 पासून तिथे श्वसनविषाणूंवर, विशेषतः इन्फ्लुएंझावर, नियमित लक्ष ठेवलं गेलं. म्हणजे या भागात असा अभ्यास कसा उभा राहतो हे शिकायला फार लांब जायची गरज नाही.

आजार नेमका काय आहे

ब्रॉन्किओलायटिस म्हणजे फुप्फुसातल्या सगळ्यात बारीक श्वासनलिकांना आलेली सूज. हा मुख्यतः दोन वर्षांखालच्या मुलांचा आजार आहे आणि सगळ्यात जास्त त्रास पहिल्या सहा महिन्यांत होतो. सुरुवात साध्या सर्दीने होते. नाक वाहतं, थोडा खोकला, कधी हलका ताप. दोन-तीन दिवसांनी विषाणू खाली उतरतो. बारीक नलिकांच्या आतल्या अस्तराच्या पेशी मरतात, गळून पडतात, त्यात चिकट कफ मिसळतो आणि भिंतीही सुजतात. मग बाळाची छाती घरघरते, श्वास जलद होतो, बरगड्यांखालची जागा आत ओढली जाते. आपल्याकडे आया म्हणतात, 'पोट उडतंय'. साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी त्रास सर्वांत जास्त असतो, नंतर हळूहळू उतरतो.

मोठ्या माणसाला हाच विषाणू झाला तर नुसती सर्दी होते. मग बाळालाच एवढं का? इथे भौतिकशास्त्र कामाला येतं. नळीतून हवा संथ वाहत असेल तर तिला होणारा अडथळा त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. त्रिज्या निम्मी झाली की अडथळा सोळा पट. प्रौढाच्या नळीत थोडी सूज आली तर फारसं जाणवत नाही. बाळाची नळी मुळातच केसासारखी, तिथे तेवढीच सूज आली की श्वास घेणं हे दिवसभराचं कष्टाचं काम होतं. बाळ दमतं, अंगावर पीत नाही, पाणी कमी पडतं. फार लहान बाळात तर श्वास मध्येच थांबण्याचाही धोका असतो.

उपचार काय? प्राणवायू, दूध-पाणी पोटात किंवा शिरेतून जाईल याची काळजी, नाक मोकळं ठेवणं. विषाणूवर प्रतिजैविकं चालत नाहीत. म्हणजे 'भरती' याचा अर्थ मुख्यतः प्राणवायू आणि देखरेख. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

विषाणू कोण कोण

पहिलं नाव रेस्पिरेटरी सिन्सिशियल व्हायरस, म्हणजे आरएसव्ही. तो 1956 मध्ये प्रथम सापडला तो सर्दी झालेल्या चिंपांझींमध्ये. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये रॉबर्ट चॅनॉक आणि सहकाऱ्यांना तो आजारी बाळांत मिळाला. संसर्ग झालेल्या पेशी एकमेकींना चिकटून त्यांचा एकच मोठा गोळा होतो, त्याला सिन्सिशियम म्हणतात, त्यावरून हे नाव. पेशींना असं जोडणारं विषाणूवरचं प्रथिन म्हणजे एफ प्रथिन. आजच्या लसी आणि प्रतिपिंडं याच प्रथिनावर नेम धरतात.

आरएसव्हीनंतर ऱ्हायनोव्हायरस, ह्युमन मेटान्यूमोव्हायरस, पॅराइन्फ्लुएंझा, इन्फ्लुएंझा, ॲडिनोव्हायरस, बोकाव्हायरस आणि नेहमीचे सर्दीचे कोरोनाव्हायरस अशी मंडळी येतात. 2025 च्या जानेवारीत 'नवा विषाणू' म्हणून ज्याची बातम्यांत धास्ती पसरली तो मेटान्यूमोव्हायरस 2001 मध्ये नेदरलँड्समध्ये ओळखला गेला होता. भारतातल्या मुलांमध्ये तो प्रथम सापडल्याचं पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी 2004 मध्ये प्रसिद्धही केलं होतं. वाङ्मयाचा आढावा वेळेवर वाचला तर निम्मी घबराट कमी होते, ती अशी.

अमेरिकेतल्या 16 रुग्णालयांत ब्रॉन्किओलायटिससाठी भरती झालेल्या 2207 मुलांचा एक अभ्यास 2012 मध्ये आला. त्यात 72 टक्के मुलांत आरएसव्ही आणि सुमारे 26 टक्के मुलांत ऱ्हायनोव्हायरस होता. बेरीज 98 होते म्हणून गप्प बसू नका. बाकीचेही विषाणू होते आणि अनेक मुलांच्या नाकात एकाच वेळी दोन-दोन विषाणू होते. इथूनच पहिला फसवा शब्द सुरू होतो.

सापडला म्हणजे त्यानेच केलं का?

आरटी-पीसीआर ही चाचणी विषाणूचा जनुकीय अंश शोधते. तो अंश आत्ताच्या आजाराचा असेल, किंवा तीन आठवड्यांपूर्वीच्या सर्दीचा उरलेलाही असेल. ऱ्हायनोव्हायरस या बाबतीत बदनाम आहे. अगदी ठणठणीत बाळाच्या नाकातही तो मिळतो.

मग दोषी कोण हे ठरवायचं कसं? गावात चोरी झाली त्या रात्री चौकात कोण कोण होतं एवढंच बघून भागत नाही. ज्या रात्री चोरी झाली नाही, त्या रात्री कोण होतं हेही बघावं लागतं. संशोधनात याला नियंत्रण गट म्हणतात. पर्च नावाचा मोठा अभ्यास आफ्रिका आणि आशियातल्या सात देशांत झाला, निष्कर्ष 2019 मध्ये आले. त्यांनी गंभीर न्यूमोनियाने भरती झालेली मुलं घेतली आणि त्याच भागातली, त्याच वयाची, त्या आजाराने भरती न झालेली मुलंही घेतली. ऱ्हायनोव्हायरस दोन्ही गटांत जवळपास सारखाच होता. आरएसव्ही मात्र आजारी गटात भरपूर आणि दुसऱ्या गटात अगदी कमी. त्यावरून हिशेब करून गंभीर न्यूमोनियाच्या सुमारे 31 टक्के वाट्याला एकटा आरएसव्ही कारण ठरला.

तुमच्या प्रस्तावात फक्त ॲडमिट मुलांचे स्वॅब असतील तर 'आढळलेले विषाणू' असं लिहा, 'कारणीभूत विषाणू' असं लिहू नका. परीक्षक पहिला प्रश्न हाच विचारणार.

ॲडमिट होण्याची शिडी

आता दुसरा शब्द, भरती. पुस्तकात जोखीम घटकांची यादी मिळते: वय तीन महिन्यांखाली, मुदतपूर्व जन्म, कमी जन्मवजन, जन्मजात हृदयविकार, फुप्फुसाचा जुना आजार, घरात मोठी भावंडं, गर्दी, घरातला विडी-सिगारेटचा धूर, स्तनपान नसणं. यादी बरोबर आहे. पण बाळ घरातून वॉर्डात पोचतं ते एका उडीत नाही, पायऱ्यांनी.

पहिली पायरी, विषाणू बाळापर्यंत येणं. दुसरी, तो नाकातून खाली फुप्फुसात उतरणं. तिसरी, त्रास इतका वाढणं की प्राणवायू लागावा. चौथी, घरच्यांच्या ते लक्षात येणं. पाचवी, घरातून बाहेर पडून डॉक्टरपर्यंत पोचणं. सहावी, डॉक्टरने 'ॲडमिट करा' म्हणणं. सातवी, खाट मिळणं आणि कुटुंबाने राहायची तयारी दाखवणं.

पहिल्या तीन पायऱ्या जीवशास्त्राच्या आहेत. पुढच्या चार घराच्या, रस्त्याच्या, पैशाच्या आणि आरोग्ययंत्रणेच्या. शाळेत जाणारी मोठी बहीण पहिल्या पायरीवर काम करते, ती विषाणू घरी आणते. मुदतपूर्व जन्म दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर, कारण फुप्फुसं लहान आणि आईकडून मिळालेली प्रतिपिंडं कमी. शेवटच्या तीन महिन्यांत ती सगळ्यात जास्त उतरतात, तोच काळ बाळाला मिळालेला नसतो. आणि दुचाकी घरात असणं-नसणं पाचव्या पायरीवर.

एक काल्पनिक उदाहरण घ्या. महामार्गालगतच्या वस्तीत आणि आत शेतातल्या वस्तीत सारखीच बाळं आहेत आणि दोन्हीकडे 30-30 बाळांना गंभीर ब्रॉन्किओलायटिस झाला. रस्त्यालगतची 24 बाळं ॲडमिट झाली, आतली 12. रुग्णालयाच्या रजिस्टरवरून तुम्ही लिहाल, 'महामार्गालगत राहिल्याने धोका दुप्पट'. वाहनांच्या धुराचं स्पष्टीकरणही सुचेल आणि पटेलही! प्रत्यक्षात आजार सारखाच होता, फक्त गाडी मिळाली. उलट आतली जी 18 बाळं रजिस्टरवर आलीच नाहीत, खरी काळजी त्यांची.

हे फक्त उदाहरणापुरतं नाही. 2022 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या जागतिक अंदाजानुसार 2019 या वर्षात पाच वर्षांखालच्या मुलांत आरएसव्हीमुळे सुमारे 36 लाख भरती झाल्या. रुग्णालयांत झालेले मृत्यू 26,300. पण आरएसव्हीमुळे झालेले एकूण मृत्यू 1,01,400. म्हणजे दर चारपैकी जवळपास तीन मृत्यू रुग्णालयाबाहेरचे. आपल्या राज्यात मेळघाटमध्ये महान ट्रस्टने 93 गावांत दोन वर्षांखालच्या मुलांवर असाच अभ्यास केला आणि गावात, घरी होणाऱ्या मृत्यूंचाही माग काढला. रुग्णालयात बसून हे काम झालंच नसतं.

'मुलगा असणं' हा जोखीम घटक आहे का?

जगभरच्या अभ्यासांत मुलींपेक्षा मुलगे थोडे जास्त ॲडमिट होतात. त्याला जीवशास्त्रीय कारण दिलं जातं: लहान वयात मुलग्यांच्या श्वासनलिका फुप्फुसाच्या मानाने अरुंद असतात. ठीक आहे. पण भारतात अनेक रुग्णालयांच्या आकडेवारीत ही तफावत जास्त मोठी दिसते. तेव्हा विचारावं लागतं की हा फरक तिसऱ्या पायरीवरचा की पाचव्या? मुलाला धाप लागली की रातोरात गाडी काढली जाते आणि मुलीच्या वेळी 'सकाळपर्यंत बघू' म्हटलं जातं, असं होत असेल तर तुमच्या टेबलातला 'पुरुष लिंग' हा आकडा श्वासनलिकेचा नाही, घराचा आहे.

तपासायचं कसं? एक मार्ग असा: ॲडमिट झालेल्या मुला-मुलींची भरतीच्या वेळची प्राणवायूची पातळी आणि आजाराचा कितवा दिवस होता ते बघा. मुली उशिरा आणि जास्त खालावलेल्या स्थितीत येत असतील तर संशय बळावतो. दुसरा आणि जास्त भक्कम मार्ग म्हणजे घरोघरी जाऊन सगळ्या आजारी बाळांची नोंद घेणं आणि त्यातली किती पोचली ते मोजणं.

मोठी जोखीम आणि मोठा वाटा, दोन वेगळ्या गोष्टी

आणखी एक काल्पनिक हिशेब, कागद घेऊन करा. 1000 बाळं, त्यात 100 मुदतपूर्व जन्मलेली. मुदतपूर्व बाळांतली 6 ॲडमिट झाली, म्हणजे 6 टक्के. उरलेल्या 900 पैकी 18, म्हणजे 2 टक्के. मुदतपूर्व बाळांची जोखीम तिप्पट. पण वॉर्डातल्या एकूण 24 बाळांत पूर्ण दिवसांची किती? 18. म्हणजे चारपैकी तीन. उद्या जादूने सगळे मुदतपूर्व जन्म थांबले तरी भरती 24 वरून 20 वर येईल, शून्यावर नाही.

प्रत्यक्ष अभ्यासांतही चित्र असंच दिसतं. आरएसव्हीने ॲडमिट होणारी बहुतेक बाळं आधी निरोगीच असतात. म्हणून 'आमचं बाळ गुटगुटीत आहे, त्याला काही होणार नाही' हा दिलासा खोटा, आणि 'फक्त जोखमीच्या बाळांवर लक्ष ठेवा' हे धोरण अपुरं.

धूर: प्रश्नावलीत काय विचारणार?

'स्वयंपाकाला चूल की गॅस' हा प्रश्न प्रत्येक प्रश्नावलीत असतो. उत्तर 'गॅस' आलं की आपण खूश. पण आपल्याकडच्या बाळंतिणीच्या खोलीचा विचार करा. दारं-खिडक्या बंद, खाटेखाली शेगडी, आणि अंघोळीनंतर बाळाला ओवा, शेपा टाकून धुरी. स्वयंपाक गॅसवर, पाणी तापवायला बंब किंवा बाहेरची चूल. वयाच्या सगळ्यात नाजूक सहा आठवड्यांत बाळाला मिळणारा धूर तुमच्या 'चूल की गॅस' मध्ये येतच नाही. म्हणून धुरी देता का, किती दिवस, रोज किती वेळ, खोलीत शेगडी असते का, घरात विडी-सिगारेट कोण ओढतं, हे वेगवेगळं विचारा.

धुराबाबत आणखी एक धडा. निरीक्षणात्मक अभ्यासांत चुलीचा धूर आणि मुलांचा न्यूमोनिया यांचा संबंध अनेकदा दिसला. मग हॅपिन नावाची चाचणी झाली. ग्वाटेमाला, पेरू, रवांडा आणि आपल्याकडे तमिळनाडू. निम्म्या गरोदर स्त्रियांच्या घरांना गॅसची शेगडी आणि मोफत सिलिंडर. 2024 मध्ये निकाल आला: गंभीर न्यूमोनियात म्हणण्यासारखा फरक नाही. याचा अर्थ धूर चांगला असा नाही. चूल असलेलं घर बहुधा गरीबही असतं, दाटीचंही असतं, रस्त्यापासून लांबही असतं. चुलीच्या नावावर या सगळ्यांचा हिशेब जमा होतो, त्याला गोंधळकारक घटक म्हणतात.

छेदात कोण?

जोखीम म्हणजे अपूर्णांक. अंश सगळे मोजतात, छेदाकडे दुर्लक्ष होतं. भांडगावातली 'तीन महिन्यांखालची बाळं' म्हणजे नेमकी कोणती? पहिलं बाळंतपण माहेरी करण्याची पद्धत आहे. म्हणजे गावच्या सुनेचं बाळ पहिले काही महिने गावात नसतंच, आणि गावच्या लेकीचं बाळ, जे मतदार यादीत, रेशनकार्डावर कुठेच नाही, ते मात्र इथेच असतं. ज्या वयात ॲडमिट होण्याचा धोका सर्वाधिक, नेमक्या त्याच वयात बाळं गावं बदलत असतात.

दुसरा गट ऊसतोड कुटुंबांचा. दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगरकडून टोळ्या येतात, कोप्या पडतात, उन्हाळ्याच्या तोंडाशी परत जातात. कोपीतलं बाळ थंडीत, दाटीत, आई पहाटे फडात गेल्यावर मोठ्या भावंडाच्या हवाली. जोखीम भरपूर, पण सर्वेक्षण जूनमध्ये केलं तर त्यांचं अस्तित्वच नाही. मग ती आजारी पडून दवाखान्यात आली तर अंशात येतात आणि छेदात नसतात.

यावर उपाय म्हणजे 'बाळं' न मोजता 'बाळ-महिने' मोजणं. प्रत्येक बाळ किती दिवस तुमच्या क्षेत्रात होतं तेवढाच काळ छेदात धरायचा. घरोघरी नोंद ठेवणाऱ्या केंद्रांची सगळी मेहनत यासाठीच असते: कोण आलं, कोण गेलं, कधी. आशाताईंची मदत इथे सोन्यासारखी. जन्मानंतर सहा आठवड्यांत त्यांच्या ठरलेल्या गृहभेटी असतात आणि कुठल्या घरात माहेरवाशीण आली आहे हे त्यांना सगळ्यांच्या आधी माहीत असतं.

हंगाम चुकला तर

उत्तर भारतात, दिल्लीकडे, आरएसव्ही मुख्यतः हिवाळ्यात वाढतो. आपल्या पश्चिम भागात तो पावसाळ्यात आणि पावसाळा सरताना वर येतो. हा फरक आता फार महत्त्वाचा झालाय, कारण प्रतिबंधाची साधनं आली आहेत. बाळाला एकदाच टोचायचं निर्सेव्हिमॅब हे प्रतिपिंड आणि गरोदरपणात आईला द्यायची लस, दोन्हींना 2023 मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली. प्रतिपिंडाचं संरक्षण काही महिनेच पुरतं. दिल्लीचं वेळापत्रक बघून पुणे जिल्ह्यात ऑक्टोबरअखेर सुरुवात केली, तर गणपती-नवरात्रात आजारी पडणारी बाळं हुकली. कुठल्या महिन्यात जन्मलेल्या बाळाला कधी द्यायचं, हे ठरवायला इथलीच, वर्षाच्या बाराही महिन्यांची माहिती लागते. एक पावसाळा पुरत नाही. 2020 मध्ये कोविडच्या निर्बंधांत अनेक देशांत आरएसव्ही जवळपास गायब झाला आणि पुढच्या वर्षी भलत्याच ऋतूत परतला.

घाईचा धोकाही इतिहासात आहे. 1966 च्या सुमारास फॉर्मॅलिनने निष्क्रिय केलेली आरएसव्हीची लस अमेरिकेत बाळांवर वापरून पाहिली. लस घेतलेल्या आणि नंतर संसर्ग झालेल्या बाळांपैकी सुमारे 80 टक्के ॲडमिट करावी लागली, तुलनेच्या गटात 5 टक्के. दोन बाळं दगावली. त्यानंतर सुरक्षित साधन मिळायला काही दशकं गेली. तेव्हा तुलनेचा गट होता म्हणून लस घातक आहे हे तरी कळलं.

सिनॉप्सिस लिहिण्याआधी

एका कागदावर त्या सात पायऱ्या आडव्या लिहा. तुमच्या यादीतला प्रत्येक जोखीम घटक कुठल्या पायरीवर काम करतो तिथे मांडा. जो दोन ठिकाणी बसतो, त्याच्यासाठी दोन वेगळे प्रश्न हवेत. मग स्वतःला विचारा, मला आजाराची जोखीम शोधायची आहे की पोचण्याची? दोन्ही विषय मोलाचे आहेत, पण शीर्षक, नमुना आणि विश्लेषण वेगळं लागतं. संगणकावर रिग्रेशन चालवणं हे काम त्यानंतरचं.

आणि नैतिकतेच्या अर्जात एक ओळ आधीच लिहून ठेवा: सर्वेक्षणात आजारी बाळ दिसलं तर काय करणार. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांखाली 60 किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष 50 किंवा जास्त, म्हणजे श्वास जलद. छाती आत ओढली जात असेल, बाळ पीत नसेल, सुस्त पडलं असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा श्वास मध्येच थांबत असेल, तर प्रश्नावली बाजूला ठेवून आधी 108 ला फोन करायचा. त्या बाळाची पाचवी पायरी त्या दिवशी तुम्ही आहात. त्यामुळे तुमच्या आकडेवारीवर थोडा परिणाम होईल. तो होऊ द्यायचा आणि प्रबंधात तसं लिहायचं.

पुढच्या लेखात स्वॅबचा नमुना गावातून प्रयोगशाळेपर्यंत थंड कसा पोचवायचा आणि सीटी व्हॅल्यू वाचताना काय काळजी घ्यायची ते बघू.